तिसरं मशिन

आमच्या ज्ञानू हवालदारांच्या दारात गॅसवाला आला, की न सांगता आधी वजनकाटा काढतो. कुरिअरवाला खोकं फोडून दाखवतो, मग पेन पुढं करतो. "आधी डोळं, मग सही," हा हवालदारांचा कायदा. फौजेत बावीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं, पण एक चमचाही न मोजता ताब्यात घेतला नाही. स्वतःच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला असतानाच हा गडी टाचा उंचावून पलीकडं डोकावला होता. "आधी डोळं, मग अक्षता!" भटजी मंगलाष्टक विसरले. पारूवहिनी हा किस्सा दर हळदीकुंकवाला सांगायच्या आणि हवालदार आतल्या खोलीतून खाकरायचे.

कोरोनात मी मुख्याध्यापक असलेल्या शाळेतच विलगीकरण केंद्र होतं. वहिनी सहावीच्या वर्गात दाखल होत्या. त्यांना धाप लागली तेव्हा हवालदारांना उत्तर मिळालं, "ऑक्सिजनची दोन्ही मशिनं लागल्याली हायती, आबा." वहिनी गेल्या.

पुढं साथ ओसरली, ग्रामसभा भरली. ग्रामसेवकांनी त्या काळातल्या खरेदीची यादी घडाघडा वाचली. खाटा, गाद्या, फवारणी पंप, ऑक्सिजनची मशिनं तीन.

"किती?" हवालदार उठले.

"तीन, आबा. बिलं आहेत, ऑडिट झालंय."

"कागदाचं झालंय. आता किट लावा."

बराकीत जवान आपलं सगळं सामान ब्लँकेटवर ओळीनं मांडतो आणि साहेब एकेक वस्तू बघत जातो, त्याला किट लावणं म्हणतात. आमच्या माण तालुक्यात घरटी एक फौजी. हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतले सगळे पेन्शनर उभे राहिले. "बरं, रविवारी लावू," सरपंच म्हणाले. बिचारे दुसरं काय म्हणणार?

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात हवालदारांनी फक्कीनं चौकोन आखले. यादीतल्या प्रत्येक वस्तूला एक, आत तिचं नाव. फक्कीची बादली धरायला अर्थात मी. दहा वाजले तरी निम्मे चौकोन मोकळेच होते आणि अख्खं गाव ते बघत होतं. रिकाम्या चौकोनाइतकी चहाडखोर वस्तू मी जन्मात पाहिली नाही.

मग आवक सुरू झाली. गाद्या आल्या, त्यांना कोंबड्यांची पिसं चिकटलेली. खाटा मंडपवाल्याच्या टेम्पोतून उतरल्या. पंप कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेतून आला. दर वस्तूला टाळ्या पडत होत्या आणि आणणारा मान खाली घालून ती चौकोनात ठेवत होता. खरं सांगतो, मला लय मजा येत होती. हवालदार मात्र एवढंच म्हणायचे, "दिसलं. म्होरं."

तीन वाजता एकच चौकोन उरला, तिसऱ्या मशिनचा. हवालदार त्यात जाऊन सावधानमध्ये उभे राहिले.

"आबा, ऊन लय हाय. सावलीला या," सरपंच म्हणाले.

"मशिन आलं की जागा सोडतो."

एकेक पेन्शनर येऊन त्यांच्या मागं उभा राहिला. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला साखर होती, पण रांग सरळ होती. अखेर सरपंचांनी गाडी काढली आणि अर्ध्या तासात परत आले. मशिनच्या खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"घरात म्हाताऱ्यास्नी लागलं तर असावं म्हणून ठेवलं हुतं," ते पुटपुटले.

हलगी कडाडली. शिट्ट्या झाल्या. चौकशीच्या ठरावाला गावानं असे हात वर केले, की सरपंचांच्या सख्ख्या भावाचाही हात वरच होता. हवालदारांनी रांगेकडं वळून कडक सॅल्यूट ठोकला आणि जागा सोडली.

गर्दी पांगल्यावर मी ठरावाचा कागद घेऊन त्यांना शोधलं. ते सहावीच्या वर्गात होते. मशिन सुरू करून नळीच्या तोंडाशी तळहात धरून बसले होते.

"करा सही, आबा. सगळं दिसलं आता."

त्यांनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"एक सही न बघता केलीया मी, मास्तर. पारूला प्लास्टिकात बांधून आणलं. म्हणाले, तोंड दावता येत न्हाई, हितं सही करा. केली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशिन बंद करायला मी बटणाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या जरा," ते म्हणाले. "बघू द्या."