डावी बाजू, डच अळू

"यंदा गणपतीला ताटाची डावी बाजू माझी! आणि ती शंभर टक्के हेल्दी असणार!"

शिरीषनं हे जाहीर केलं आणि हॉलंडातल्या हूफडॉर्पच्या त्या स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली, की डोक्यावरून गेलेलं विमानसुद्धा दबकत गेल्यासारखं वाटलं. आसावरीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं आणि शहाण्या सुनेसारखी ती कणीक मळायला लागली.

आता शिरीषला स्वयंपाक येत नाही, असं अजिबात नाही. त्याची मॅगी उत्तम होते. पण महिन्यापूर्वी तो हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेला आणि सगळं बिघडलं. इकडचा हाउसआर्ट्स कशानंही घाबरत नाही. पाय मोडून गेलात तरी "दोन आठवडे वाट बघू" म्हणतो. अशा माणसानं शिरीषच्या कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून चक्क भुवई उचलली! त्या दिवसापासून शिरीषनं घरातल्या तेलाशी उभा दावा मांडला होता. लोण्याचा डबा दिसला तरी तो विंचू दिसल्यासारखा मागे सरके.

"शिरीष," सरलाबाई शांतपणे म्हणाल्या, "उजवीकडच्या पदार्थांनी पोट भरतं. डावीकडून घराणं कळतं. चटणी, कोशिंबीर, पंचामृत, वडी, तळण, जिथलं तिथे हवं. हा काही तुझ्या ऑफिसातला प्रयोग नाही."

आणि खरंच तो प्रयोग नव्हता, परीक्षा होती. शिरीषचे वडील गेल्यापासून पुण्यातल्या घरी सरलाबाईंना एकटीनं गणपतीचं करणं झेपेनासं झालं होतं. घरचा गणपती आता कुणाकडे बसवायचा? पुतण्या विनय कोथरूडमध्ये मोठा फ्लॅट घेऊन टपूनच बसला होता. पण शिरीषनं हट्ट धरला. वडिलांच्या मागं गणपती आपल्याकडेच हवा, हे त्याला अगदी आतून वाटत होतं. शेवटी सरलाबाई म्हणाल्या, "यंदा तिकडे येऊन बसवून बघते. रीत सांभाळली गेली तर तुझ्याकडे. नाहीतर विनयकडे. मग रडायचं नाही."

अशा वेळी शहाण्या माणसानं मुकाट्यानं भजी तळली असती. पण स्वतःचा पाय स्वतःच कुऱ्हाडीवर मारायचं ठरवलेल्याला कोण अडवणार?

शिरीषनं कोशिंबिरीत दह्याऐवजी क्वार्क घातलं. क्वार्क म्हणजे इकडचा एक पांढरा, घट्ट आणि अत्यंत गंभीर पदार्थ. पंचामृतातला गूळ जाऊन खजूर आला. पापड-कुरडया एअर फ्रायरमध्ये गेल्या आणि कुरडया तिथल्या वाऱ्यानं उडून वरच्या जाळीला चिकटल्या. त्या शिरीषनं चिमट्यानं सोडवल्या आणि "क्रिस्पी आहेत" असा शेरा मारला. राहिली अळूची वडी. ती म्हणे न तळता ओव्हनमध्ये भाजायची. पण अळूच नव्हतं! ॲमस्टरडॅमच्या भारतीय दुकानदारानं आदल्या दिवशी हात वर केले. माल आलाच नव्हता.

"गणपतीला अळूवडी नाही?" सरलाबाई म्हणाल्या. "विनयच्या तर बाल्कनीत अळू आहे."

बस्स! शिरीष घायाळ होऊन मागच्या अंगणात गेला. आणि तिथे, कुंपणापलीकडे, शेजारच्या टिनेकेबाईंच्या वाफ्यात त्याला साक्षात्कार झाला. हत्तीच्या कानाएवढी हिरवीगार पानं! आणि देठ? लालकाळे!

"आई! आई, लवकर ये! अळू! काळ्या देठाचं!"

सरलाबाई शाल सावरत आल्या. टाचा उंचावून त्यांनी कुंपणावरून पाहिलं.

"पान सुरकुतलेलं दिसतंय रे."

"थंडीनं आकसलं असेल."

"हं. देठ मात्र वडीच्या अळूचाच." मग चाळीस वर्षं अळू निवडलेल्या त्या अधिकारी बाईंनी निकाल दिला, "डच अळू आहे."

टिनेकेबाई म्हणजे सत्तरीच्या, उंच, एकट्या राहणाऱ्या आणि वेळेच्या पक्क्या. शिरीषनं क्लासात शिकलेल्या तुटक्या डचमध्ये "सणासाठी पानं मिळतील का" असं विचारलं. बाई खूश! गेल्या वर्षी त्यांनी शिरीषच्या दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण पाहिलं होतं. त्यांनी मोठी कात्री आणली, भराभर पानं कापली, सगळी शिरीषच्या हातात कोंबली आणि देठ मात्र जपून स्वतःकडे ठेवले. पानं म्हणे त्या कचऱ्यातच टाकतात! शिरीषनं उपकार फेडायला लगेच त्यांना दुसऱ्या दिवशी एक वाजता जेवायला बोलावलं.

घरी येऊन त्यानं हे सांगितल्यावर मायलेक पोट धरधरून हसले.

"पानं टाकतात आणि देठ खातात! कमाल आहे!"

"कुणीतरी शिकवायला हवं हो यांना," सरलाबाई कळवळून म्हणाल्या.

चतुर्थीच्या सकाळी वड्या ओव्हनमधून निघाल्या. तीळ लावलेल्या, खरपूस, दिसायला तरी अगदी फोटोतल्यासारख्या. शिरीषचा हात आपोआप पुढे गेला. त्यावर चापट बसली.

"नैवेद्याआधी चव? या घरात आजवर झालेलं नाही आणि माझ्या डोळ्यांदेखत होणार नाही!"

"पण आई, मीठ बरोबर आहे का ते—"

"देव सांगेल."

पाहुणे एक वाजताचेच होते. पण स्लोटरडाइकच्या ऑफिसातला प्रतीक आणि लायडनची मंजूषा ही आपली माणसं. त्यांचा एक म्हणजे दोन. टिनेकेबाईंचा एक म्हणजे एक! घड्याळात टोला पडायला आणि दारावर बेल वाजायला एकच गाठ पडली. बाई हातात फुलं आणि एक काचेची बरणी घेऊन उभ्या. घरात आसावरी मोदकांत, दहा वर्षांची अपूर्वा लॅपटॉपशी झटापट करतेय आणि शिरीष सोवळ्यात, एका हातानं ते धरून!

लॅपटॉप कशाला, तर कोथरूडकरांना दर्शन हवं होतं. विनयच्या घरी मंडळी जमली होती. पण आरती संपता संपता पडद्यावरचा विनय तोंड उघडं ठेवून गोठला.

"आजी, इट्स हँगिंग," अपूर्वा म्हणाली.

"राहू दे तसाच. तोंड मिटायचं त्याला लहानपणापासून कळत नाही."

ताट मांडलं गेलं. डाव्या बाजूला मधोमध वड्यांची चळत. सरलाबाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, नैवेद्य दाखवला. शिरीषनंही हात जोडले. बाबांची फार आठवण आली त्याला त्या क्षणी. डोळे उघडले तर टिनेकेबाई सोफ्यावरून वाकून ताटाकडे बघत होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तुमचीच पानं!" शिरीष छाती फुगवून म्हणाला. "बेसन लावून, वळकटी करून. नो ऑइल!"

टिनेकेबाई ताडकन उठल्या. त्यांचा चेहरा क्वार्कसारखा झाला.

"नो! शिरीष, नो! यू कान्ट ईट दॅट! दे आर पॉयझनस!"

"काय म्हणतात त्या?" सरलाबाईंनी विचारलं.

"आजी, इट्स पॉयझन. विष," अपूर्वा म्हणाली. "रबार्बर आहे ते, इंग्लिशमध्ये रूबार्ब. यू ईट ओन्ली द देठ."

सरलाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "अरे देवा! मी देवाला विष दाखवलं!"

टिनेकेबाई हातवारे करून सांगत होत्या. देठांचा मुरंबा करतात, पान कुणी तोंडाला लावत नाही, मला वाटलं तुम्ही सजावटीला नेताय! शिरीषला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर गणपती टुणटुण उड्या मारत कोथरूडला निघाला होता.

"थांबा!" आसावरी म्हणाली. घरात डोकं ठिकाणावर असलेली तेवढीच एक. "कुणी खाल्ली तर नाही ना?"

"नैवेद्याआधी कोण खाणार?" शिरीष म्हणाला.

आसावरीनं वड्यांचा ट्रे पुढे ओढला. कडेच्या दोन वड्या गायब होत्या. सगळ्यांच्या नजरा शिरीषवर.

"मी नाही! गणपतीची शपथ! हात पुढे केला तेव्हा चापट बसली मला!"

"बाबा, बी ऑनेस्ट," अपूर्वा म्हणाली.

"अगं खरंच नाही!" आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचाही विश्वास बसत नव्हता.

तेवढ्यात सरलाबाई हळूच खुर्चीत बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"खाजरं आहे का ते बघायला नको?" त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "उद्या पाहुण्यांचे घसे धरले म्हणजे? पहाटे... तुम्ही सगळे झोपला होतात..."

"ट्रे तर सकाळी निघाला, आई," आसावरी म्हणाली.

"बरं, तू न्हायला गेली होतीस! आता उलटतपासणी घेतेस का?"

"आई!" शिरीष किंचाळला. "दोन?"

"पहिलीत काही कळलंच नाही. इतकी सपक!"

हसायची सोय नव्हती. गणपती गेला खड्ड्यात, कोथरूडात, कुठेही जाऊ दे, आईला काही होता कामा नये! शिरीषनं सोवळ्यातच तातडीच्या दवाखान्याला फोन लावला. आधी एक दाबा, मग दोन दाबा, मग बासरीचं संगीत. शेवटी एक नर्स बोलली.

"किती पानं खाल्ली?"

"दोन वड्या!"

"वडी म्हणजे किती?"

आता वडीचं माप डचमध्ये कसं सांगणार? शिरीष फोनवर बोटांनी वर्तुळं करून दाखवू लागला. टिनेकेबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि घडाघडा सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न येत राहिले. उलटी? नाही. पोटात दुखतंय? नाही. घसा?

"थोडा खवखवतोय," सरलाबाई म्हणाल्या. "पण तो आरतीनं असेल."

नर्सचं म्हणणं पडलं, एवढ्याशानं घाबरायचं कारण दिसत नाही. भरपूर पाणी प्या, लक्ष ठेवा, उलटी किंवा दुखणं सुरू झालं तर लगेच फोन करा. आणि उरलेल्या वड्या कृपया टाकून द्या. शिरीष मटकन जमिनीवर बसला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. सरलाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "ऊठ रे. सोवळं सुटेल," त्या म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज भिजला होता.

मग मात्र सरलाबाईंनी पदर खोचला. वड्या कचऱ्यात गेल्या. नवा नैवेद्य हवा, दोन वाजता प्रतीक-मंजूषा भुकेले येणार, आणि डाव्या बाजूला मोठं खिंडार! "बटाटे आण," त्यांनी हुकूम सोडला. हॉलंडात बटाट्यांना काय तोटा? शिरीषनं स्वतःच्या हातानं कढईत तेल ओतलं. लिटरभर! भजी फुगून वर आली तेव्हा घराला इतक्या दिवसांत पहिल्यांदा सणाचा वास आला. टिनेकेबाईंनी आपली बरणी पुढे केली. तिच्यात त्याच देठांचा आंबटगोड मुरंबा होता. या वेळी मात्र देवासमोर नेण्याआधी आसावरीनं त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं, की तो माणसं खातात. खजुराच्या पंचामृताला बाजूला सारून मुरंब्यानं त्याची जागा घेतली.

दुसऱ्यांदा नैवेद्य झाला. शिरीष मान खाली घालून उभा राहिला.

"आई, कळलं मला. विनयकडेच ने गणपती. माझी लायकी नाही."

सरलाबाईंनी दार लोटलं आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"गणपती इथेच बसेल. दर वर्षी."

"काय?"

"विनयकडे नेला तर तो विचारणार, तिकडे काय चुकलं? मग मी काय सांगू? चाळीस वर्षं जावांना, सुनांना, भाच्यांना नैवेद्याआधी बोट लावू दिलं नाही, आणि मीच दोन वड्या खाल्ल्या म्हणून? या खोलीत आहोत तेवढ्यांतच हे राहायला हवं. अळीमिळी गुपचिळी. कबूल?"

"कबूल!" शिरीष आनंदानं ओरडला. आसावरीनं मान डोलावली. टिनेकेबाईंना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती.

"कबूल, काकू!" कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे गर्रकन वळले. लॅपटॉपवरचा विनय सुटला होता. तोंड मिटलेलं होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच्यामागे मोरेश्वरकाका, दोन्ही आत्या, आणि सोसायटीतली आरतीला आलेली यच्चयावत मंडळी खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसली होती.

"कधीपासून ऐकतोयस?" सरलाबाईंनी विचारलं.

"चित्र अडकलं होतं, काकू. आवाज सुरूच होता." विनयनं डोळे पुसले. "तुम्ही काही काळजी करू नका. गणपती खुशाल तिकडे बसवा. आमच्यापैकी कुणीही, कुणालाही, काहीही सांगणार नाही."

"सांगायला उरलंय कोण?" मागून मोरेश्वरकाका म्हणाले, आणि सगळं कोथरूड खदखदून हसलं.

सरलाबाईंनी काही काळ करारी चेहरा धरून ठेवला. मग त्यांनाही हसू फुटलं. "हसा, हसा! पुढच्या वर्षी येताना बाल्कनीतलं अळू घेऊन या. काळ्या देठाचं!"

"आई," शिरीषला पुन्हा हुरूप आला, "मग त्या वड्या आपण एअर फ्रायरमध्ये—"

"शिरीष," पुण्यातून आणि हूफडॉर्पमधून एकदमच आवाज आला, "भजी खा!"

त्यानं खाल्ली. किती, ते पुढे हाउसआर्ट्सनं विचारलं तेव्हा त्यानं आईकडे बघत, अगदी बारीक आवाजात सांगितलं, "दोन."