आप्पांचा निम्मा गोवा

मी गोवा निम्मा पाहिला आहे. निम्मा म्हणजे प्रत्येक ठिकाणच निम्मं. दूधसागरचा नुसता आवाज ऐकून परतलोय. काणकोणच्या समुद्राचा वास घेतला, पाणी काही दिसलं नाही. ही सगळी कृपा परशराम आप्पांची.

आप्पा शहापुरात आमच्या शेजारी एकटेच राहतात. जन्म साड्यांच्या मागावर गेला. अंगावर बाराही महिने एक टॉवेल, उरलेल्या सुतातून स्वतः विणलेला, लाल-पिवळ्या काठाचा. त्याला दुसऱ्या कुणी हात पुसलेले त्यांना खपत नाहीत. दिवाळी झाली की गल्ली गोळा करतात. "चला रं, पणजी बघून येऊ." मग आम्ही नऊजण भाड्याच्या गाडीनं पणजी गाठतो, चार दिवस लॉजवर राहतो आणि तिथून रोज एक सहल काढतो.

निघायचं सातला ठरतं आणि निघतो नवाला, कारण लॉजवर गरम पाण्याचा नळ एकच. पण दुपारी एक वाजला की असू तिथून गाडी फिरवायची, पाचच्या आत पणजीत. कुणी कुरकुर केली तर आप्पा म्हणणार, "मागावरचा धोटा ह्या काठाला गेला की त्या काठाला परत आलाच पायजे." मागावर बसलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? परतल्यावर आम्ही बाजारात हिंडतो. आप्पा मात्र तो टॉवेल डोक्यावरून ओढून मांडवीच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ कठड्यावर बसतात. "वारं खातो," म्हणतात.

यंदा आमच्या हिनं बंड केलं. "आप्पा, धबधबा बघितल्याबिगर मी न्हाय परतायची." रोजची भाकरी हिच्या हातची, त्यामुळे आप्पांचं काही चाललं नाही. धबधबा अख्खा पाहिला. डोळे निवले. येताना फोंड्याच्या अलीकडे एक ट्रक आडवा झालेला, गाड्यांची ही रांग.

आप्पा ड्रायव्हरशेजारी घड्याळ बघत बसले. दर पाच मिनिटांनी, "किती राहिलं रं?" साडेपाच वाजले तसं घड्याळ बघायचं सोडलं. मग मागं वळून मला हळूच म्हणाले, "साडेपाचच्या बोटीनं रमेश कामावरनं येतो."

रमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांपूर्वी माग सोडून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला गोव्यात गेला. तेव्हा आप्पा अख्ख्या गल्लीदेखत म्हणाले होते, "माग सोडलास तर हा उंबरा पण सोड." तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

"मग बोलता काय त्याच्यासंगं?" मी विचारलं.

"न्हाय. उतरताना बघतो. त्येला कळू नये म्हणून टॉवेल घेतो डोस्क्यावर."

वर्षातून चार संध्याकाळी पोरगा लांबून दिसावा म्हणून हा माणूस गल्ली घेऊन यायचा. आणि मी धबधब्यावरून कुरकुरत होतो. मला माझी लाज वाटली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. बोटी येऊन रिकाम्या होऊन गेल्या होत्या. आप्पा तरी टॉवेल डोक्यावर घेऊन कठड्याकडे निघाले. मी मागोमाग गेलो. त्यांच्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. आम्हाला बघून उठलं. रमेशच होता, हात कोपरापर्यंत काळे.

"आप्पा, आज उशीर केलासा," तो म्हणाला.

आप्पा जागीच थांबले. "वाटंत ट्रक आडवा झालता," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "तुला कसं कळलं रं, मी हितं बसतो?"

"तुमच्या हातचा काठ हाय. बोटीतनंच वळखतो मी. दरवर्षी. हाक माराल म्हणून वाट बघायचो. आज दिसला न्हाईसा, तर जीव थाऱ्यावर ऱ्हायना."

आप्पांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, रमेशचा हात धरला आणि बोटांवरचं काळं तेल एकेक बोट करून पुसत राहिले.