सुजेपायी सोडलेला भात

नवस मी आयुष्यात पुष्कळ केले. लेकीच्या, खुशीच्या दहावीसाठी चपला सोडल्या, म्हशीच्या दुखण्यात चहा सोडला (म्हैस उठली, मी डोकं धरून पडले). पण यांच्या हृदयात स्प्रिंग टाकली, तेव्हा मांडोदेवीच्या पायरीवर तोंडातून निघून गेलं, "माय, यांची सूज जाईपर्यंत मी भाताला शिवणार नाही."

सूज कोणती, तर गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्तवाहिन्यांना आतून सूज राहते, तीच पुढं घात करते. म्हणून बाकी गोळ्यांसोबत एक पिटुकली गोळी त्या सुजेसाठी. आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. बाहेर आल्यावर यांनी सदरा वर केला. "पाह्य बरं, दिसते का वं तुले कुठं?"

मला काही दिसली नाही. आणि न दिसणारी सूज गेली हे कळणार कसं, हे मी देवीला विचारायचं विसरले होते.

आमच्या गोरेगावात भात सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथं पोळ्या खाऊन उठलेल्या पाहुण्याला विचारतात, मंग जेवाले कधी बसता? घरात ढोली भरून आमच्याच बांध्यांतलं धान, आणि ताटात पोळी. यांच्यापुरता मूठभर तांदूळ शिजवता आला असता. पण त्या वासानं माझा नवस तिथल्या तिथं मोडला असता. म्हणून नवस माझा आणि उपास दोघांचा. शेजारच्या वच्छलाबाई यांच्याकडे बघून कुंपणावरून म्हणायच्या, भैयाजी दिवसेंदिवस पोळीसारखे चपटे होऊन राहिले. हे ढोलीजवळून जाताना तिच्यावरून हात फिरवायचे.

त्याच सुमारास माझ्या गुडघ्याच्या गोळ्या भराभर संपायला लागल्या. (माझं दुखणं किरकोळ. गुडघे आणि थोडीशी साखर.) आधी वाटलं, मीच विसरून दोनदा घेते. मग उंदरांवर संशय घेतला. वच्छलाबाई म्हणाल्या, "उंदराचे गुडघे कायले दुखतील वं?" तरी मी पिंजरा लावलाच. त्यात पोळीचा तुकडा ठेवला. उंदीरसुद्धा आला नाही.

आणि एका सकाळी यांच्या पायांत चपला शिरेनात. पाय तळलेल्या पुरीसारखे टम्म. तुम्ही घाबरला असता. मी हात जोडले. सूज छातीतून निघाली, पायांपर्यंत पोचली, आता अंगठ्यातून बाहेर पडली की झालं! मी धावत जाऊन भाताचा कुकर लावला. पहिली शिट्टी होते न होते, तोच हे अंगण ओलांडताना मध्येच थांबले, खांबाला धरलं आणि तोंडानं श्वास घ्यायला लागले. मग माझं हसू कुठल्या कुठं गेलं. गॅस बंद केला आणि वच्छलाबाईंच्या कैलाशची गाडी काढून तडक गोंदिया गाठलं. वाटभर मी देवीला एवढंच म्हणत होते, भात तुलाच ठेव, हे मला दे.

डॉक्टरांनी तपासलं. बीपी खूप वाढलेलं. म्हणाले, मी दिल्या त्यांच्याशिवाय आणखी काय घेता?

हे पंख्याकडे बघत राहिले. मग खिशातून माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"हे बी सुजेचीच गोळी हाय ना, साहेब. म्हटलं, दोन बैल जुंपले तं काम लवकर होते."

"काऊन पण?" मी विचारलं.

"भातासाठी," ते म्हणाले. "तुह्याही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "भैयाजी, दुसरा बैल आपने उलटा जोता है." मग समजावलं, ही दुखण्याची गोळी हृदयाच्या पेशंटच्या अंगात पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, अटॅकचा धोका वाढवते. आतल्या सुजेसाठी ती पिटुकलीच, आणि न विचारता दुसरी कोणतीही नाही. पट्टी माझ्या हातात दिली आणि यांना भरती करून घेतलं.

अंगातलं पाणी उतरलं, चपला पायात गेल्या. पुढच्या तपासणीला मी धीर करून विचारलं, साहेब, आतली सूज गेली का? रक्ताचा रिपोर्ट बघून ते म्हणाले, बरीच कमी झाली, छान आहे, गोळी मात्र चालू ठेवा. मी तिथंच डोळे मिटले. देवी पावली. मिटल्या डोळ्यांपुढं वाफाळता भात, वर डाळ, बाजूला लोणच्याची फोड.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर बाईंचीही साखर बघू. बघितली. इतकी उत्तम साखर माझी लग्नाआधीसुद्धा नसेल. त्यांनी विचारलं, काय बदल केला?

मी तोंड उघडायच्या आत हे मोठ्या अभिमानानं म्हणाले, "तिनं भात सोडला ना, साहेब."

"बहुत बढ़िया. आता हेच कायम चालू ठेवा."

यांना मात्र वाटीभर भाताची परवानगी मिळाली. रोज माझ्यासमोर बसून खातात. वर म्हणतात, तुह्या नवसानं वाचलो.

म्हणून बायांनो, हात जोडून सांगते. नवऱ्याच्या गोळ्या एका डब्यात, आपल्या दुसऱ्या डब्यात, आणि आपल्या डब्याला कुलूप. मी केलं तसं तुम्हीही करा. नवससुद्धा माझ्यासारखाच करा, मनापासून. फक्त सोडायचं ते दोडकं सोडा. देवी सोडलेलं परत देते, डॉक्टर देत नाहीत.