कुमुदिनीबाईंच्या सिंथेसायझरचें वर्तमान

॥ श्री ॥

नादाचा जो धनी आणि मौनाचाही जो धनी, त्या परमेश्वरास नमन करून हें वर्तमान लिहिलें. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशीं जें घडलें तें येणेंप्रमाणें.

कोणे एके नगरीं एक राज्य होतें, त्यास कोणीं नांव ठेविलें नाहीं. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक गॅलरी, इतकाच मुलूख. तेथील धनी विश्रामराव धुरी टेलिफोन खात्यांत चौतीस वर्षें चाकरी करून पेन्शनीवर बसले होते. मुके फोन बोलते करावे ते यांनींच, ऐसा लौकिक. त्यांची स्त्री कुमुदिनीबाई पेटी उत्तम वाजवीत, परंतु पुढें खांदा धरला, भाता ओढवेना, म्हणोन कन्या वृंदा इनें सिंथेसायझर आणून दिला, आणि बाई त्यापुढें बसों लागल्या, आणि दोन वर्षें खपून एक चाल बांधिली, तींत शब्द नाहींत, नुसती चाल, आणि ती वाद्याचे पोटांत नऊ नंबरावर सांठविली. मग हर्षयुक्त होऊन आंतून हांक मारिली कीं, "अहो, चाल पुरी झाली. जरा ऐकायला या ना." विश्रामराव शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसले होते, ते बोलिले, "हा एवढा होऊं दे. संध्याकाळीं निवांत ऐकतों." संध्याकाळीं पाहुणे आले, आणि दुसरे दिवशीं रावांस विसर पडला, आणि बाई मानी, पुन्हां बोलिल्या नाहींत. त्याउपरि भाद्रपदांत बाईंस ताप आला, इस्पितळीं नेलें, आणि अकरावे दिवशीं बाई कैलासवासी जाहल्या.

सवा वर्ष वाद्यावरील कापड कोणीं काढिलें नाहीं. रावांचे चित्तीं रोज येई कीं चाल ऐकावी, आणि रोज हात मागें येई. मार्गशीर्षांत बाईंचा जन्मदिवस आला, तेसमयीं मन घट्ट करून कापड काढिलें, बटण दाबिलें, तों दिवा लागेना. मग राव जेवणाचे टेबलावर जुनी चादर अंथरोन हत्यारें घेऊन बसले. प्रथम अडॅप्टरास मीटर लाविला, तों वीज पुरती येत होती. मग वायर हलवून पाहिली, ती धड. मग वाद्य उपडें घालून बावीस स्क्रू काढिले आणि वाटींत ठेविले, आणि चष्मा सांवरून पाहतात तों अडॅप्टरची पिन जेथें बसते तेथील कथिलाचा डाग तडकला होता. राव बोलिले, "एवढ्यासाठीं रुसलास होय?" आणि जुना डाग उतरवोन नवा दिला. हात बरा चालला. मग सहज नजर गेली तों पलीकडे बटणाएवढा सेल, कडेस हिरवट बुरशी धरलेला. त्यास मीटर लाविला, तों धुगधुगी शिल्लक होती. परंतु बुरशी धरलेला सेल ठेवूं नये, तो बोर्ड खातो, हें चौतीस वर्षांचें शिक्षण. सबब राव नि:शंक मनें सेल काढोन, जागा पुसोन, दुकानांतून नवा आणून बसविते जाहले. झांकण लाविलें, बटण दाबिलें, तों दिवा लागला, आणि पट्टी दाबितां सूर आला. रावांचे डोळे भरले. तत्काळ कन्येस फोन केला कीं, "वृंदे, बोललं गं, आईचं वाद्य बोललं!"

वृंदा म्हणाली, "बाबा, नऊ नंबर लावा. मी फोनवर ऐकते."

रावांनीं नऊ नंबर लाविला. कांहीं वाजलें नाहीं. आठ लाविला, दहा लाविला, फिरोन नऊ लाविला. पडद्यावर नुसती रेघ.

पलीकडून वृंदेनें हळूच पुसिलें, "बाबा, आतला सेल बदललात का?"

"होय."

तीस कळलें. चाल त्या सेलाचे आधारें राहत होती. परंतु ती बोलिली, "त्यानं नाही हो झालं. तो सेल केव्हाच मेला असेल. चाल आधीच गेली होती." रावांनीं मीटरचा कांटा आपले डोळां हललेला पाहिला होता. तरी म्हणाले, "तसंच असेल."

मग कांकुळतीस येऊन विचारिलें, "तुला ऐकवली होती ना गं तिनं? थोडी म्हणून दाखव." वृंदेनें गुणगुणोन तीन सूर म्हटले आणि राव एका बोटानें ते पट्ट्यांवर शोधिते जाहले, चुकले, फिरोन शोधिलें, आणि तिन्ही सांपडले. "पुढें? वर जाते कीं खालीं येते?" तेव्हां वृंदा रडों लागली. "आठवत नाही, बाबा. आई फोनवर वाजवत होती आणि मला मीटिंगला जायचं होतं. मी म्हटलं, आई, पुढचं नंतर ऐकते."

राव बोलिले, "रडूं नको. तूं तर परमुलखांत होतीस. मी शेजारच्या खोलींत होतों."

येणेंप्रमाणें वर्तमान. सिंथेसायझर दुरुस्त जाहला, एकसष्ट पट्ट्या आहेत त्या सर्व वाजतात. चाल गेली ती गेली. विश्रामराव सकाळीं चहा घेऊन बसतात आणि ते तीन सूर वाजवितात, आणि चौथ्यास बोट उचलोन तसेंच धरितात. मग कापड घालितात. ठाऊक होतें तितकें लिहिलें.