गच्चीवर सखूमावशींचं राज्य

आमच्या इमारतीत कपडे वाळत घालायचे ज्याचे त्याने, काढायचे मात्र सखूमावशींनी. हा नियम कोणी केला, विचारू नका. त्यांनीच केला.

लोणावळ्यात उन्हाच्या भरवशावर चादर धुणं म्हणजे जुगार. चिमटा लावेपर्यंत ऊन, जिना उतरेपर्यंत धुकं आणि चहा गाळेपर्यंत सर. पण राजमाचीच्या अंगाला ढग दिसला रे दिसला की मावशी गुडघ्यांना शिव्या घालत गच्ची गाठतात आणि सगळ्यांचे कपडे खांद्यावर टाकून आपल्या घरी नेतात. मुलाने त्यांना आंदर मावळातून इथे आणलं आणि स्वतः नोकरीसाठी गुजरातेत गेला. तेव्हापासून आभाळाची राखण त्यांच्याकडे.

मग आपण बेल वाजवायची. कपडे लगेच मिळत नाहीत. आधी चहा, मग तपासणी. "मास्तर, ह्यो बनियन हाय का चाळन?" हे त्यांनी मला चार बायकांदेखत विचारलंय. एकदा माझ्या घड्यांत जोशीकाकूंचा परकर आला, तेव्हा आमच्या घरात ऊन पडायला बराच वेळ लागला.

शेवटी मावशींच्या गुडघ्यांची दया येऊन गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा ठराव मीच मांडला. शेड झाली. कपडे तिथेच निवांत वाळू लागले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

एके दुपारी वर गेलो तर शेड रिकामी. मावशींच्या घरी कपड्यांचा ढीग, गॅसवर चहाचं भलं मोठं आधण.

"पत्र्याखाली काय भिजणार होतं, मावशी?"

त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या. "भिजत न्हाई, ठावं हाय मला. पन शेड झाली आन् माझ्या दाराला कुनी येईना झालं."

मला फार वाईट वाटलं. भलं करायच्या नादात मी बाईंचं गोकुळ उठवलं होतं. संध्याकाळी हे बायकोला सांगितलं, म्हणजे इमारतीलाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन गच्चीवर गेलो आणि शेड ओलांडून उघड्यावरच्या दोरीकडे वळलो. तिथे जागाच नव्हती. जोशीकाकूंच्या साड्यांपासून वरच्या मजल्यावरच्या दुपट्यांपर्यंत सगळ्या इमारतीचे कपडे तिथे फडफडत होते, आणि आभाळ छान भरून आलं होतं.