नऊ चिलखतांचं रफूकाम

"आई, फक्त हातोडा दाबायचा. पेटी उघडायची, चिलखत निवडायचं, हातोडा. असं नऊ वेळा. बस," सून चपला घालता घालता म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. अडतीस वर्षं त्यांनी जिन्याखालच्या गाळ्यात रफूकाम केलं होतं. त्या काळी कोट माणसापेक्षा जास्त टिकत. बापाचा कोट मुलगा घाली, आणि कोपर झिजलं की दोघंही त्यांच्याकडेच येत. सिगारेटचं भोक असो की खिळ्याला अडकून फाटलेली बाही, कापड हातावेगळं केल्यावर भोक कुठे होतं हे त्यांना स्वतःलाही सापडत नसे. अशा बाईला कोणी 'फक्त' म्हणावं हे जरा अतीच होतं. पण सून गुणी होती आणि रविवारीसुद्धा ऑफिसच्या प्रशिक्षणाला निघाली होती, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

प्रकरण असं होतं. सून दोन वर्षांपासून एक ऑनलाइन गेम खेळत होती. त्यात नऊ लढवय्यांची एक टीम होती आणि सून त्या टीमची लोहारीण. लढाई झाली की सगळे आपापली फाटकी चिलखतं एका सामायिक पेटीत टाकत, आणि ती दुरुस्त करून देई. टीमचा कॅप्टन भारी कडक. मागच्या महिन्यात एक ढाल अर्धवट राहिली, तर त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की पुन्हा चूक झाली तर भट्टी दुसऱ्याकडे जाईल. सून दोन दिवस नीट जेवली नव्हती. आणि आज दुपारी चारला एका अजस्र सर्पाशी लढाई होती, जिची तयारी सहा महिने चालली होती.

सासूबाईंनी चष्मा पुसला, पेटी उघडली. पहिलं चिलखत पडद्यावर आलं. झिजलेला भाग लाल दिसत होता. ही सोय त्यांना आवडली; गाळ्यात हेच बघायला उन्हात कापड धरावं लागे. सवयीने त्यांनी एक चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: धनुर्धारी, पाठ पूर्ण गेली. दुसरी चिठ्ठी: भालेवाला, उजवी काख. अशा नऊ चिठ्ठ्या झाल्या.

मग त्या बटणांकडे वळल्या. एक हातोडा होता आणि शेजारी एक कात्री. सुनेने हातोड्याचं सांगितलं होतं, कात्रीचं सांगायची विसरली असणार. आजकालच्या मुली घाईच्या. झिजलेल्या कापडावर नुसता हात फिरवून भागत नाही, आधी शिवण उसवावी लागते, हे कोणाला सांगायला हवं का? सासूबाईंनी कात्री दाबली. गेमने विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. गेमने पुन्हा विचारलं, नक्की ना? अडतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्यांना असं दोनदा विचारलं नव्हतं. त्यांनी जरा जोरातच हो दाबलं.

चिलखत सुटं झालं. लोखंडी पत्रे, कातडी तुकडे, दोऱ्याची गुंडी, सगळं नीट वेगवेगळं. काम छान चाललं होतं. नऊच्या नऊ उसवून होईपर्यंत एक वाजला. मग त्यांनी हातोडा दाबला, आणि हातोडा ढिम्म हलेना.

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत सुनेचा फोन आला.

"झालं का, आई?"

"उसवून झालंय. आता हातोडा चालत नाहीये, तेवढं सांग."

पलीकडे सुनेचा चमचा ताटात वाजला.

"कात्री दाबलीत?"

"मग शिवण कशी उघडायची?"

"किती चिलखतं?"

"सगळी. अर्धवट काम मी कधी केलंय?"

सुनेने हळू आवाजात समजावलं की कात्री म्हणजे मोडतोड. मोडलेलं चिलखत परत जुळत नाही, तुकडे वापरून नवीनच करावं लागतं. आणि ते हाताने करायला एकेक टाका अचूक क्षणी घालावा लागतो, म्हणून तिच्यासकट कोणीच ते करत नाही. सगळे यंत्राला लावून देतात. यंत्राला एका चिलखताला दोन तास लागतात. मग ती म्हणाली, "जाऊ द्या, आई. मीच कॅप्टनला कळवते, की मी सोडतेय. दोन वर्षं मजा आली."

हा आवाज सासूबाईंच्या ओळखीचा होता. नोकरीच्या मुलाखतीला दोन तास उरलेत आणि एकुलती एक पँट गुडघ्यावर फाटलीय, अशा माणसाचा तो आवाज.

"चारला हवीत ना?"

"हो, पण आई..."

"कोणाला काही कळवू नकोस. फोन ठेव."

हाताने करायची रीत साधी निघाली. पडद्यावर रेघ सरके, तिच्या तालावर बटण दाबायचं, की टाका पडे. पहिले चार टाके चुकले. पाचव्यापासून बोटांना ताल सापडला, आणि मग त्या बोटांनी मागे वळून पाहिलं नाही. एकेक चिलखत पंधरा मिनिटांत उतरू लागलं. शिवाय हव्या त्या जागी दुहेरी कातडं लावता येत होतं, हे त्यांनीच शोधून काढलं. धनुर्धाऱ्याच्या पाठीला दुहेरी, भालेवाल्याच्या काखेला दुहेरी. कातडं मात्र पुरेना. त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या, नवव्या चिठ्ठीवर थांबल्या, आणि प्रश्न सुटला.

पावणेचारला टीम जमली. सासूबाईंनी हेडफोन लावले आणि सुनेच्या जागी आपण आहोत, असं सांगून टाकलं. सगळ्यांनी चिलखतं अंगावर चढवली. धनुर्धारी म्हणाला की पाठ इतकी उबदार त्याला कधी लागली नव्हती.

मग कॅप्टनचा आवाज आला. "काकू, माझं चिलखत कागदासारखं का झालंय?"

"तुमचं कातडं बाकीच्यांना लावलं."

"माझं? मी कॅप्टन आहे."

"असाल. पण कपडा कुठे झिजतो त्यावरून माणूस कळतो. हा धनुर्धारी पळतो, म्हणून त्याची पाठ गेली. भालेवाला हात उंच धरतो, त्याची काख गेली. तुमच्या चिलखतावर एकही ओरखडा नाही. लढाईच्या वेळी तुम्ही उभे कुठे असता?"

मग धनुर्धारी खोकल्याचं निमित्त करून हसला, आणि त्या खोकल्याची साथ भराभर पसरली.

कॅप्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज मी सर्वांत पुढे, असं त्याने जाहीर केलं, आणि तो खरोखरच पुढे गेला. सर्पाने पहिली फुंकर घातली त्यात तो संपला. गेमचा नियम असा, की मेलेल्याचा आवाज जिवंतांना ऐकू जात नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा टीमला डावीकडे, उजवीकडे, थांबा, पळा असं कोणी सांगितलं नाही. धनुर्धारी पाठीच्या भरवशावर पळता पळता बाण सोडत राहिला, भालेवाल्याने हात मनसोक्त उंच केला, आणि चाळीस मिनिटांत सर्प आडवा झाला.

सून संध्याकाळी घरी आली ती पर्स न ठेवताच लॅपटॉपपाशी गेली. कॅप्टनचा निरोप आलेला होता. तिने तो उभ्यानेच दोनदा वाचला. भट्टी तुमच्याकडेच राहील, असं त्यात लिहिलं होतं; आणि काकूंना विचारा, पुढच्या रविवारी माझ्या छातीला दुहेरी कातडं मिळेल का.

"मिळेल म्हणावं. पण आधी दोन-चार ओरखडे दाखव," सासूबाई म्हणाल्या.

सून हसत खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आणि माझं चिलखत कसं होतं हो, आई?"

"तुझं पेटीत नव्हतंच."

"नाहीये मला. सामान उरतच नाही कधी. मी आपली मागे भट्टीपाशी अशीच उभी असते."

गेममधल्या चिलखताला अंगाचं माप लागत नाही, हे दिवसभरात सासूबाईंना पुरतं कळलं होतं. तरी त्या उठल्या, कपाटातून टेप काढली आणि म्हणाल्या, "ऊठ. सरळ उभी राहा आणि हात बाजूला घे."

सुनेनेही काही समजावलं नाही. ती उठली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.