दोनशे पन्नासावा तास

डार्लीनचा पारा सकाळपासून चढलेला होता, आणि त्याला कारण तिचा नवरा नव्हता. निदान दुपारी चारपर्यंत तरी नव्हता. कारण होता एक तास.

लोकांचे मोडके संसार सांधण्याचा परवाना हवा, तर आधी बी.ए., मग एम.ए., त्यात संख्याशास्त्र (नवरा-बायकोच्या भांडणात ते कुठे लागतं, देव जाणे), आणि पदवीआधी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जोडप्यांबरोबर अडीचशे तास. खोलीत दोघंही हवीत. एक जण उठून गेला की तास एकट्याचा, जोडप्यांच्या रकान्यात भोपळा. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेतली नोकरी सोडून शिकायला बसलेल्या डार्लीनचे दोनशे एकोणपन्नास तास झाले होते. आज पाचच्या आत तासांचा तक्ता कचेरीत गेला नाही, तर पदवी पुढच्या वर्षावर. आणि तक्ता घरी विसरला होता. तिने नवऱ्याला, गसला, फोन करून तो घेऊन यायला सांगितलं.

चारला ट्रुडी आणि वेंडेल आले. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि भांडण भांडी धुण्याच्या यंत्रात ताटल्या कुठे तोंड करून लावायच्या यावरून.

"हा मुद्दाम उलट्या लावतो," ट्रुडी म्हणाली.

"वाक्य 'मला वाटतं'ने सुरू करायचं ठरलंय ना आपलं?" डार्लीन म्हणाली.

"मला वाटतं, हा मुद्दाम उलट्या लावतो."

वेंडेल उठला. "चार वाजून दहा मिनिटं. मला पुरे झालं. मी गाडीत बसतो."

 पलीकडून आरपार दिसणाऱ्या आरशामागे तिच्या मार्गदर्शक डॉ. ऑस्ट्रँडर घड्याळ लावून बसलेल्या. वेंडेलने दाराची मूठ धरली, आणि दार बाहेरूनच उघडलं. गस उभा होता, हातात तक्ता. मागच्या बाजूला त्याच्याच अक्षरात: दूध, अंडी, कुत्र्याचा शांपू.

"गस, दोन वर्षांच्या सह्या आहेत रे यावर."

"मागची बाजू कोरी होती."

"घरात दुसरा कागद नव्हता?"

"घरात दुसरं माणूसही नव्हतं. तू इथे जगाचे संसार सांधतेस, आणि मी जेवताना कुत्र्याशी बोलतो."

मग डार्लीनचा बांध फुटला. संख्याशास्त्रात नापास झाली तेव्हा तो हसला होता, तिथपासून तिने सुरुवात केली. गसने तिच्या वाढदिवसाला तिची वाट बघता बघता करपलेल्या केकचा विषय काढला. वेंडेल हळूच परत येऊन ट्रुडीशेजारी बसला.

"बोलू दे त्याला," ट्रुडी मध्येच डार्लीनला म्हणाली. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं. "अगं, तूच शिकवलंस ना आम्हाला, मध्ये तोडायचं नाही म्हणून."

"आणि गस, तू 'मला वाटतं' म्हण," वेंडेल म्हणाला. "बरं पडतं ते."

गस बुटांकडे बघत म्हणाला, "मला वाटतं, हिला पदवी मिळाली की मी लागणार नाही."

डार्लीनला रागाने काहीतरी बोलायचं होतं.  पण ती हळू आवाजात म्हणाली, "वेड्या, परीक्षेच्या रात्री तू कॉफी करून दिली नसतीस, तर मी हे शिक्षण कधीच सोडलं असतं." ट्रुडीने न बघता वेंडेलचा हात धरला. वेंडेलने तो सोडवला नाही.

पाच वाजायला दोन मिनिटं असताना डॉ. ऑस्ट्रँडर आत आल्या. डार्लीन ताडकन उठली. आता परवाना कसला, हकालपट्टीच.

"जोडपं खोलीबाहेर गेलं नाही," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा दोघं एका बाजूने बोलली. तास धरला." त्यांनी दूध-अंड्यांची बाजू खाली करून पुढच्या बाजूला सही केली. डार्लीन तक्ता घेऊन कचेरीकडे पळाली.

धापा टाकत परत आली, तर ट्रुडी पर्स आवरत होती.

"या कामाला शिक्षण किती लागतं गं?"

डार्लीनने सगळं सांगितलं. संख्याशास्त्रसुद्धा.

"मग परवाना राहू दे." ट्रुडीने पर्समधून डायरी काढली. "पुढच्या बुधवारी, चारला, आमच्या घरी. दोघंही या. एकटं आलेलं चालणार नाही."

"येऊ," गस म्हणाला.